सतरा दिवस

देवमासा हा शब्द दुहेरी फसवा. तो देव नव्हे आणि मासाही नव्हे, असे सांगून मी वर्गात दरवर्षी हशा मिळवीत आलो आहे. ओर्का हा तर डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, हे मात्र मला गेल्या ऑक्टोबरात, चाळिशी उलटल्यावर कळले.

आई उन्हाळ्यापासून धाकट्या भावाकडे सिॲटलला होती. तिला आणायला मी गेलो, तर त्याने आम्हां दोघांना ॲनाकॉर्टिसहून सान वान बेटांकडे जाणाऱ्या बोटीत बसवून दिले. आईने साडीवर त्याचा कोट चढवला होता आणि कानांना माझा मफलर. खडकांवर समुद्रसिंह लोळत होते. त्यांचे ओरडणे ऐकून आई म्हणाली, "पंगत उठलेली दिसतेय."

मग इंजिन थांबले. आधी ऐकू आला तो श्वास. लोहाराचा भाता सुटावा तसा. मागोमाग काळे पर पाण्यातून वर आले. नराचा पर सहा फुटांपर्यंत वाढतो म्हणे. एक आई आणि तिची पोरे. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, हे सील मारून खाणारे. शिकारीला निघाले की गप्प राहतात, कारण सीलचे कान तिखट. दुसरी जात नुसत्या माशांवर जगते, मुख्यतः सामनवर. तो मासा घटला आणि तेही पाऊणशेच्या आसपासच उरले. त्यांतल्या एका मादीचे पिल्लू २०१८ च्या जुलैत जन्मल्यावर जेमतेम अर्धा तास जगले. तिने ते मेलेले पिल्लू डोक्यावर तोलत सतरा दिवस वाहिले, सुमारे १,६०० किलोमीटर.

मी आईसाठी मराठी करीत होतो. आयुष्यभर मराठी शिकवणारा मी इथे अडखळलो. आई पाण्याकडे पाहत राहिली.

"अठराव्या दिवशी काय केलं तिनं?"

मी विचारून सांगितले, "कळपाबरोबर माशांच्या मागं लागलेली दिसली. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला."

"बरं झालं." मग जरा वेळाने म्हणाली, "माझी तर संध्याकाळच्या आत नेली. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरायला लागले."

माझ्याआधी एक मुलगी होती, एवढेच मला मावशीकडून ठाऊक होते. घरात तिचा विषय कधी निघाला नाही.

"नाव काय होतं?"

"नाव कुठलं? बारसं व्हायचं होतं."

बोट वळली. कोटाच्या बाहीने डोळे पुसून, वाऱ्याला दोन शब्द सुनावून, तिने त्या मुलीला विचारायला सांगितले, की ती मासे खाणारी दिसेल का? मुलगी म्हणाली, शरदात सामनच्या मागे ती मंडळी कधीकधी सिॲटलपर्यंत खाली उतरतात.

धाकट्याच्या गॅलरीतून पाणी दिसते.

"अरे," आई म्हणाली, "ते तिकीट चार-आठ दिवस पुढं ढकलता येतं का?"