दुसऱ्याचा जमाखर्च

माणसाला जडणाऱ्या अनेक छंदांत सर्वांत स्वस्त छंद कोणता, असें मला कोणीं विचारलें, तर 'दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब ठेवणें' असेंच मी उत्तर देईन. त्याला वही लागत नाहीं कीं दौत लागत नाहीं. आपल्या खिशांतली शंभराची नोट सकाळीं कोठें गेली हें ज्याला संध्याकाळीं आठवत नाहीं, त्यालाही शेजाऱ्याच्या घरचे पडदे कितीला आले हें वर्षानंतर बिनचूक सांगतां येतें. त्यांतून तो दुसरा आपल्याहून गरीब असला, तर या छंदाला परोपकाराचा रंग चढतो.

सन २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रांत 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली, आणि या छंदाला मोठेंच कुरण मिळालें. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आंत आहे, त्यांतील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याची ही योजना. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षांत तेव्हांपासून चहाबरोबर एकच विषय निघूं लागला : या बायका त्या पैशांचें करतात तरी काय? कोणाच्या मोलकरणीनें मोबाइल घेतला, कोणाच्या स्वयंपाकाच्या बाईनें साडी. पैसा सत्कारणीं लागत नाहीं, याबद्दल मात्र सर्वांचें एकमत.

आमच्या घरीं धुणीभांडी करणाऱ्या बाईंनीं त्या पैशांतून मुलीच्या वाढदिवसाला केक आणला. त्यावर मुलीचें नांव लिहिलेलें. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं त्यांना जिन्यांत गांठून, 'त्यापेक्षां महिनाभर दूध घेतलं असतंत तर?' असा हितोपदेश केला. बाई शांतपणें म्हणाल्या, 'दूध पगारांत बसवतेच कीं, काका. पण महिन्याचा पैसा हातांत यायच्या आधींच घरमालकाचा नि वाण्याचा झालेला असतो. या पैशाची वाट कोणी बघत नव्हतं.'

इंग्लंडांतील यॉर्क शहरच्या गरिबीचा अभ्यास सीबोम राउंट्री यांनीं १९०१ सालीं प्रसिद्ध केला. आईबाप आणि तीन मुलें एवढ्या कुटुंबाला केवळ शरीर धडधाकट राखण्यापुरता किती पैसा लागेल, याचा हिशेब त्यांनीं मांडला : आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. त्यांत आगगाडीचें भाडें नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, टपालाचें तिकीट नाहीं. बापाला तंबाखू नाहीं, मुलांना बाहुली नाहीं कीं खाऊ नाहीं. खाऊची ही बंदी लिहिणारे गृहस्थ कोको-चॉकलेट बनविणाऱ्या कारखानदाराचे चिरंजीव होते! परंतु गरिबांनीं असें राहावें, असा त्यांचा उपदेश नव्हता. त्या शहरांत बिनकसबी मजुराची मजुरी साधारणतः १८ ते २१ शिलिंग होती. म्हणजे एवढा निग्रह पाळूनही हिशेबाचा ताळा जुळत नव्हता. दोष खर्चाच्या बाजूस नव्हता. जमेच्या बाजूस होता.

वर्षांतून दोनदां माझा महागाईभत्ता वाढतो. तोही सरकारी तिजोरींतूनच येतो. त्याची मीं पुस्तकें घेतलीं, कीं पुरणपोळीवर तूप जास्त वाढून घेतलें, असें मला आजवर एकाही करदात्यानें विचारलेलें नाहीं. माझा भत्ता कष्टाचा आणि बाईंचे पैसे फुकटचे, असें कोणी म्हणेल. पण चार घरचीं कामें करूनही ज्यांचा संसार भागत नाहीं, त्यांचे कष्ट थोडे नाहींत; कष्टांचा दर थोडा आहे.

योजनेविषयीं प्रश्न विचारूं नयेत, असें मी म्हणत नाहीं. तिजोरीला हा भार पेलेल काय, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत झालेल्या विधानसभा-निवडणुकीच्या तोंडावरच ही कल्पना कां सुचली, हे प्रश्न नागरिकानें विचारलेच पाहिजेत. मात्र ते सरकारला विचारावयाचे आहेत, केक आणणाऱ्या आईला नव्हे.

मला भीति वाटते ती निराळ्याच गोष्टीची. त्याच बाईंनीं दिवाळीनंतर एका घरीं महिन्याला दोनशें रुपये वाढवून मागितले. उत्तर मिळालें, 'आतां तर सरकारच तुम्हांला पंधराशें देतं!' सरकारनें दिलेली मदत वाटेंतच अडवून आपण देत असलेल्या मजुरींत वळती करून घेण्याचा हा प्रकार. १७९५ सालीं बर्कशायर परगण्यांतील मॅजिस्ट्रेटांनीं स्पीनहॅमलँड येथें, पावाच्या भावाप्रमाणें मजुरांच्या मिळकतींतील तूट गरिबांसाठींच्या करांतून भरून काढण्याचें ठरविलें. त्यामुळें मालकांना मजुरी कमी ठेवण्याची मोकळीक मिळाली, अशी टीका पुढें दीर्घकाळ होत राहिली. तीच मोकळीक आमच्या इमारतींतही कोणी कोणी घेऊं लागले आहेत. सौभाग्यवतींनीं बाईंचा पगार वाढविला, तेव्हां 'तुम्ही दर बिघडवतां' अशी तक्रार दोन मजल्यांवरून आली.

दुसऱ्याची वही तपासण्याची हौसच असेल, तर खर्चाच्या रकान्यापूर्वीं जमेचा रकाना पाहावा. तेथला एक आकडा बहुधा आपल्याच हातचा असतो.