रिव्हेट नट

१९८१ साली दहावी करून घाटकोपरला मामाकडं आलो, आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात लागलो. टेम्पोचा पत्रा पातळ. त्यात आटे टिकत नाहीत, अन् मागून नट धरायला हात जात नाही. तिथं रिव्हेट नट लागतो. ६ एमएमच्या बोल्टाला ९ एमएमचं भोक, कड साफ करायची, नट घालून हत्यारानं ओढायचा. मागं तो फुगतो अन् पत्र्याला घट्ट धरतो.

एकदा ड्रिल हललं, भोक मोठं झालं. नट जागीच फिरायला लागला. वाटलं, पगार कापणार, या महिन्याची घरची मनिऑर्डर गेली. वस्ताद म्हणाले, "पोरा, भोक लहान करता येत नसतं." त्यांनी ते ११ एमएमचं करून ८ चा नट बसवला. पगार पुरा दिला. आजही ट्रॅक्टरच्या मडगार्डाला आधी बारीक ड्रिलच लावतो.