खुडूक

‘खुडूक’ हा शब्द आपल्या भाषेत निंदेखातर वापरला जातो. कामधंदा सोडून ओटीवर बसून राहिलेल्या माणसाला तो लावतात, आणि ज्या कोंबडीपासून तो आला तिच्याकडेही घरोघर त्याच नजरेने पाहण्याचा शिरस्ता आहे. अंडी बंद झाली म्हणजे ती घरावर भार झाली असे समजून तिला बादलीतल्या पाण्यात बुडवावे, तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवावे, दोन दिवस डालग्याखाली कोंडून ठेवावे, म्हणजे ती ताळ्यावर येते, असे उपचार मी लहानपणी चिंचणीतल्या कितीतरी परसांत पाहिले आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी स्वतः दहा-बारा कोंबड्या बाळगू लागलो आणि तेव्हापासूनच्या अनुभवाने माझे मत याच्या अगदी उलट झाले. कोंबडीची सर्व इंद्रिये एकाच कार्यावर एकवटतात ते हेच तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत ती जे करते त्याची बरोबरी मला कोणत्याही साधनाने साधलेली नाही.

ती निष्क्रिय बसलेली दिसते, हा पाहणाऱ्याचा दोष. प्रोलॅक्टिन नावाच्या अंतःस्रावाने तिच्या देहात पालट घडलेला असतो. पोटाखालची पिसे विरळ होऊन तिथली त्वचा उघडी पडते, रक्ताने भरते, आणि त्या तप्त त्वचेला अंडे थेट टेकते. दिवसातून एकदा, फार तर पंधरा-वीस मिनिटे, ती उठते; चार दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते, आणि कोणी हाक मारल्यासारखी परत फिरते. रात्रीच्या निःशब्द प्रहरी खुराड्याशी कान दिला, तर अंडी एकमेकांवर घासल्याचा मंद आवाज येतो: चोचीने ती एकेक अंडे फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू नये म्हणून हे फिरवणे आवश्यक असते, हे मला पुस्तकात वाचून कळले. तिला ते कोणी शिकवलेले नसते.

हे सर्व मला प्रारंभी पटलेले नव्हते. थर्माकोलची पेटी, साठचा दिवा आणि उष्णतामापक एवढ्या सामग्रीवर मी एका वर्षी जुलै महिन्यात चोवीस अंडी मांडली. उष्णता साडेसदतीस अंशांच्या आसपास राखली, अंडी दिवसातून पाच वेळा हातांनी फिरवली, सातव्या रात्री बॅटरीच्या झोतापुढे धरून आतल्या तांबड्या शिरांचे जाळे पाहिले, आणि पेटीत ओलावा राहावा म्हणून पाण्याची वाटी ठेवली. रोजकीर्द लिहावी तशी सगळ्याची नोंद ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले बाहेर आली. उरलेली तेरा अंडी आणखी दोन दिवस थांबून मी एकेक करून फोडली, आणि त्या प्रत्येकात पिसांनिशी, नखांनिशी पूर्ण झालेला जीव मृत होता.

शेजारची मावशी दारात उभी राहून हे पाहत होती. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, पेटीत पाणी कशाला ठेवलंत? पावसाचं आभाळ काय कमी ओलं असतं?”

तिने नेमके कारण सांगितले होते. उबवणीच्या काळात अंड्यातले पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून उडून जावे लागते, इतके की अंड्याचे वजन सुमारे अष्टमांशाने घटते, आणि तितकी जागा बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीला मिळते. कवच फोडण्यापूर्वी पिल्लू प्रथम ह्या पोकळीत चोच घालते आणि जन्मातला पहिला श्वास तिथे घेते. समुद्रकाठच्या आमच्या जुलै महिन्यात हवेत आधीच पाणी भरलेले; त्यात माझी वाटी. पोकळी वाढली नाही, आणि श्वास घेण्याच्या क्षणी त्या तेरा जीवांना हवेऐवजी ओल मिळाली. त्या वहीचे ते पान मी आजही फाडलेले नाही.

यंत्राला मी तुच्छ लेखतो असे कोणी समजू नये. मिसर देशात मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवण्याची विद्या फार प्राचीन आहे. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ताडत असत. ती युक्ती मी उचलली आहे, आणि पापणी खरोखर फार बारीक फरक सांगते. पण मोठ्या उबवणी केंद्रांचा विस्तार झाला तशी खुडूक बसण्याची वृत्तीच जातींमधून निवडून काढण्यात आली. पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण अंड्यांवर बसणे ती जवळजवळ विसरली आहे. आमच्या गावठी कोंबडीची वर्षाची अंडी साठ-सत्तरच्या पुढे क्वचितच जातात. उरलेल्या काळाचा हिशेब तिच्या पिल्लांत आहे, आणि तो हिशेब कोणी मांडत नाही.

यंत्रात जे नाही ते मला विसाव्या दिवशी ऐकू येते. कवचाला अजून चीरसुद्धा गेलेली नसताना आतून क्षीण चिवचिव सुरू होते, आणि वर बसलेली कोंबडी एरवी कधीही न काढलेल्या खोल, घोगऱ्या स्वरात तिला उत्तर देते. दोघांची ही ओळख दृष्टीपूर्वीची आहे. कासवी केवळ दृष्टीने पिल्लांचे पोषण करते, असा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात येतो. कोंबडीच्या बाबतीत मी म्हणेन की ती स्वराने करते. पक्ष्याला ‘द्विज’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ह्या दोन जन्मांमधले हे संभाषण ऐकले असेल काय, असा विचार त्या रात्री मनात येतो. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या कठीण दाण्याने पिल्लू कवचाला वर्तुळाकार छेद देऊ लागते. त्याला पुष्कळ तास लागतात. हात लावण्याचा मोह होतो. पण त्याच तासांत पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. घाईने कवच सोलले तर रक्त येते.

ह्या बलकाच्या बेगमीवर पिल्लू दोन दिवस अन्नावाचून राहू शकते, म्हणूनच एका दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठवता येतात. वनराजा जातीची तशी आणलेली पिल्ले मी रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवली आहेत, आणि पहाटे तिने ती आपली म्हणून मोजून घेतली आहेत.

पुढचे पालन सोपे नाही. तांदळाची कणी, कुटलेला सुका जवळा, आणि वारली पाड्यांवरून शिकलेली वाळवीची मेजवानी: ओले शेण आणि काटक्या भरलेले मडके वारुळावर पालथे घालावे, सकाळी ते वाळवीने भरते. सुरूच्या बनावरून घार उतरली की आईचा एक तीव्र स्वर पुरतो, पिल्ले जागच्या जागी पालापाचोळ्यात विरून जातात. मानमोडीपुढे मात्र तिचाही इलाज चालत नाही. सरकारी दप्तरात ‘राणीखेत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात एक थेंब अशी द्यावी लागते. लहानात लहान कुपी शंभर मात्रांची, ती बर्फात आणायची आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची. म्हणून आमच्या आळीत त्या दिवशी सर्वांची पिल्ले टोपल्यांतून माझ्या ओट्यावर येतात. मावशी धरते, मी थेंब सोडतो.

सध्या तांबडी कोंबडी माजघराच्या कोपऱ्यात भाताच्या तुसावर बसली आहे. खाली अकरा अंडी आहेत, प्रत्येकावर कोळशाने तारीख लिहिलेली. टोपलीत मावशीने ठेवलेला लोखंडी खिळा आहे. गडगडाटाने अंडी नासतात अशी तिची श्रद्धा आहे, आणि मी तो काढलेला नाही. आज सतरावा दिवस. हात पुढे केला तेव्हा तिने पिसे फुलवून माझ्या मनगटावर जोराची चोच मारली, आणि मी पाण्याची वाटी तिच्यापासून हातभर दूर ठेवून दार लोटून घेतले.