पंधरा दिवसांचे पाहुणे

आम्ही काही मराठी भौतिकोपचारतज्ज्ञ दरवर्षी परदेशातून पदरमोड करून पंधरा दिवस भिवंडीत येतो व यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील अपंग मुलांना तपासतो. ‘सेवा’ हा शब्द आमच्याविषयी फार सैलपणे वापरला जातो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही. मूल मात्र वाढते, हाडे लांबतात आणि ताठर स्नायू मागे राहतात. त्यावरचा व्यायाम रोजचा, वर्षानुवर्षांचा. पाहुण्याने करायचे हे काम नव्हेच.

ते करते आई, मागांच्या खडखडाटात, एवढ्याशा खोलीत. आमच्या फोमच्या महागड्या लोडाला तिथे जागा नव्हती. एकीने कापडाच्या ताग्यावर मुलाला पालथे घातले, दुसरीने भिंतीच्या कोपऱ्यात गोधड्या रचून मुलीला बसवले. पाठ्यपुस्तक याहून वेगळे काय सांगते? (मोजमापासह सांगते, इतकेच.)

मुंबईतही आरंभ आयांनीच केला. फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र काढले, मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी स्थापली. दोघींच्याही मुलीच त्यामागे होत्या.

म्हणून हल्ली आम्ही मुलांपेक्षा आयांना अधिक वेळ देतो: सांधा कुठे धरावा, घास भरवताना मान कशी असावी. गेल्या खेपेस एकीने तिच्या उर्दूत विचारले, तुम्ही गेल्यावर माझे चुकले तर मला कळणार कसे? मुंबई गाठायची तर कडेवर सात वर्षांचा मुलगा, बस, लोकल आणि बुडालेली मजुरी. आम्ही तिच्या फोनवर व्यायामाचे चित्रण करून दिले. दुसऱ्या दिवशी आमचे विमान होते.