त्याच्याच आवाजात

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, पण कान मोकळे असतात. सध्या त्यांत अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन बोलतोय. २०१६ साली आलेलं 'बॉर्न टू रन' हे आत्मचरित्र त्यानं स्वतःच वाचलंय, अठरा तासांहून अधिक. न्यू जर्सीतलं फ्रीहोल्ड गाव, अंधाऱ्या स्वयंपाकघरात अबोल बसणारे वडील, आईनं कर्ज काढून घेतलेली गिटार.

मुंब्र्याच्या वळणावर गर्दी अंगावर रेलली, तेव्हा तो साठी ओलांडल्यावर आलेल्या नैराश्याबद्दल सांगत होता. हजारोंसमोर तासन्‌तास गाणारा हा माणूस घरी रडत होता, औषधं घेत होता. हे छापील पानावरही कळलं असतं. पण त्याच्या घोगऱ्या, संथ आवाजात ते थेट आत उतरलं. ठाणं आलं तरी तो आवाज सोडवेना.

शेजारच्या गोव्यातल्या गायक रेमो फर्नांडिसनंही आत्मचरित्र लिहिलंय. आपल्या मराठी गायक-वादकांनीही आपलं आयुष्य लिहावं आणि ते स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित करावं. गळा साथ देतोय तोवरच हे काम करून ठेवायला हवं.