तुहा का माहा?

आईला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिचा एक प्रश्न अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

दुखणं पोटाच्या कॅन्सरचं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार चालू होते. वहिनी म्हणाली, एकदा आमच्या प्रार्थनासभेत आणा. तिच्या लेकराचा ताप तिथे उतरला होता, त्याची साक्ष ती अजूनही देते. मी आईला घेऊन गेले.

पत्र्याचं शेड, कीबोर्ड, ढोलक, दीडेकशे माणसं. आईला सगळ्यांत पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. एरवी आई म्हणजे 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उघडून हळू आवाजात ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारी बाई. इथे लोक हात वर करून रडत होते, कुणी अन्य भाषांत बोलत होतं. आई नुसती हात जोडून बसली होती. सभा चालवणाऱ्या सेवकांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने तीनदा म्हणाले, ऊठ. आई उठली. खुर्ची धरून दोन पावलं चालली, कळ आली तशी मटकन खाली बसली. ढोलक थांबलं. मग माईकवर, सगळ्यांदेखत, ते म्हणाले की या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. आईने पदर सारखा केला. तेलाचा ओघळ तिच्या भुवईपर्यंत आला होता, तो मी रुमालाने पुसला. दुसरं काही मला सुचलंच नाही.

परत येताना ऑटोत बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "कोणाचा कमी पडला वं पोरी, तुहा का माहा?"

मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठायला लागले. एक वही केली. तिच्यात प्रार्थनेची मिनिटं लिहायची. वहिनीचे दोन तास, माझी चाळीस मिनिटं. तिचे एकवीस दिवसांचे उपवास, मी तिसऱ्या दिवशी शाळेत चक्कर येऊन पडले. देवासमोर बसायचे आणि डोळ्यांपुढे वहिनी यायची.

वॉर्डात आईचा डोळा लागला की मी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात जाऊन बसायचे. 1942 मध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिले होते. गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसलं, येशू ख्रिस्ताचं. ते लावणारा माणूस शेवटपर्यंत हिंदूच राहिला. आणि आमच्या वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा होते, जन्माने ख्रिस्ती. लंडनमध्ये हिशेबनिशी शिकलेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले, आणि 1934 मध्ये निघालेल्या ग्रामोद्योग संघात तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांत रमलेले. इंग्रज सरकारच्या अत्याचारांवर चर्चचे वरिष्ठ गप्प का, हे त्यांनी थेट बिशपांनाच विचारलं. येशूच्या शिकवणुकीवरचं पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिलं. हे वाचून मला फार धीर आला. मग लक्षात आलं, वहिनीला सोडून आता मी कुमारप्पांशी माप लावतेय. माझ्याने कोणती घाणी चालली?

योहानाच्या शुभवर्तमानात अगदी शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो, ह्याचं काय होणार? येशू त्याला ती चौकशी करू देत नाही, तू माझ्या मागे चल, एवढंच सांगतो. लहानपणापासून किती वेळा ऐकलेला भाग, पण तो माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

प्रार्थनेला जाणाऱ्यांना माझं हात जोडून एक सांगणं आहे. आजारी माणसापुढे विश्वासाचं माप काढू नका. त्याचा हात धरून बसा. औषध बंद करायला तर कधीच सांगू नका.

वहिनीवर मी खूप दिवस राग धरला. पण आईच्या शेवटच्या अकरा रात्री जागली ती वहिनीच. बेडपॅन तिनेच धुतलं, पेज तिनेच चमच्याने भरवली. रक्त द्यायला त्याच सभेतली तीन पोरं धावत आली, मी जिथे लहानाची मोठी झाले त्या मंडळीतून कुणी आलं नाही. एका रात्री आईने वहिनीला टिळकांचं भजन म्हणायला सांगितलं. तिला ते नीट येत नव्हतं. एक शब्द चुकला, तो आईने डोळे मिटूनच दुरुस्त केला. मग वहिनीची वाट चुकीची असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तरी त्या शेडमध्ये माझं पाऊल पुन्हा पडलेलं नाही, पडेल असं वाटतही नाही.

वही कपाटात आहे. लिहिणं बंद केलंय, फाडलेली नाही.

"कोणाचाच नाही वं माय." एवढंच म्हणायचं होतं त्या ऑटोत. पण मला तेव्हा खरंच वाटत होतं की कमी पडला तो माझाच. एखाद्या पहाटे आजही वाटतं.