शिखराच्या शंभर मीटर खाली

माझ्या रूममध्ये कॉटच्या डोक्याशी एक चार्ट चिकटवलेला आहे. फर्स्ट इयरला असताना क्विझच्या तयारीसाठी केलेला. वर लाल स्केचपेनने लिहिलंय : 'एव्हरेस्ट, उंची ८८४८.८६ मीटर'. खाली विक्रम. १९५३ : तेनझिंग आणि हिलरी. १९७५ : जुंको ताबेई, पहिली महिला. १९७८ : मेस्नर आणि हाबेलर, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय. १९८४ : बचेंद्री पाल, पहिली भारतीय महिला. १९९९ : बाबू छिरी शेर्पा, शिखरावर तब्बल २१ तास! कामी रिता शेर्पांचा आकडा मात्र मी पेन्सिलने लिहितो, कारण हा माणूस सारखा खोडायला लावतो. मे २०२५ मध्ये तो ३१ झाला. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. आपण तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकतो!

थर्ड इयरला परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली. सबमिशन झालं होतं, ओरल झाल्या होत्या, दोन पेपरही कसेबसे दिले. तिसऱ्या पेपरला निघालो आणि जिन्यातच बसलो. डॉक्टर म्हणाले, घरी जा. मित्र म्हणाले, "एवढं आलायस तर दे ना रेटून, चारच तर राहिलेत." फोनवर बाबा एवढंच बोलले, "परीक्षा काय, परत येईल. आधी तू ये."

मी गेलो, पण चिडून. वर्ष गेलं, बॅच पुढे गेली. घरी बिनफोडणीचं वरण खात पडलो असताना योरान क्रॉपची गोष्ट वाचली. हा स्वीडनचा गडी ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टॉकहोमहून सायकलवर निघाला तो थेट नेपाळला. नळकांडी नाहीत, शेर्पांची मदत नाही. मे १९९६ च्या सुरुवातीला मांडीभर बर्फातून वाट काढत तो शिखराच्या सुमारे १०० मीटर खाली पोचला आणि तिथून मागे फिरला. उशीर झाला होता. वर कदाचित पोचलाही असता, पण उतरायचं त्राण उरलं नसतं.

थोड्याच दिवसांनी, १० मेला, बरेच जण दुपारी उशिरापर्यंत चढत राहिले. उतरताना वादळाने गाठलं. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून ८ जण गेले. त्यात मुरलेले वाटाडेही होते. क्रॉप मात्र २३ मेला पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला.

हे वाचलं आणि बाबांचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

आता मी ज्युनियर बॅचबरोबर बसतो. व्हायवाच्या रांगेत पोरं मला 'दादा' म्हणतात, तेव्हा अजूनही थोडं टोचतं. चार्टवर मात्र निळ्या पेनने एक ओळ वाढवली आहे : 'मे १९९६ : योरान क्रॉप, शिखर १०० मीटरवर असताना परत.' येणारा-जाणारा विचारतो, हा कसला विक्रम?

गेल्या आठवड्यात समोरच्या रूममधला एक ज्युनियर अंगात ताप असताना रात्री दोन वाजता जर्नल लिहीत बसला होता. त्याला चार्टसमोर बसवून ती ओळ समजावून सांगितली आणि झोपायला पिटाळलं. सकाळी सर थोडे रागावले म्हणे. पण दोन दिवस वाढवून दिले.